फुग्यातले शब्द

बातमी चार ओळींची होती आणि ती मी दुपारी जेवताना वाचली. सकाळी पेपर आला की मी तो एकदम वाचून संपवत नाही, पुरवून वाचते. एकटीच्या घरात दुपार लांबच लांब असते. सांगलीत एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर वर्तमानपत्रांतल्या चित्रपट्ट्यांच्या इतिहासाचं प्रदर्शन भरलं होतं आणि ते रविवारपर्यंत चालणार होतं. शेवटच्या ओळीत म्हटलं होतं, सांगलीच्या एका जुन्या दैनिकात येणारी पोस्टमनची पट्टीही तिथे पाहायला मिळेल.

मी हात धुतला, चष्मा पुसला आणि बातमी पुन्हा वाचली. ती पट्टी कितीतरी वर्षं रोज माझ्या हातून गेली होती.

मी मूळची कोरेगावची. ड्रॉइंगचा डिप्लोमा केला, पण शाळेत काही जागा मिळाली नाही. सांगलीच्या त्या दैनिकात मात्र पेस्टिंग खात्यात काम मिळालं. तेव्हा कॉम्प्युटरवर पान लावत नसत. मजकूर वेगळ्या कागदावर छापून यायचा, तो कटरने कापायचा आणि खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर पानाच्या मापाने चिकटवायचा. त्या खात्यात मी एकटीच बाई होते. माझं अक्षर चांगलं, म्हणून पट्टीचं काम माझ्याकडे आलं.

पट्टी मुंबईच्या एका एजन्सीकडून यायची, महिन्याभराची एकदम, इंग्रजीत. रोज तीन चौकटी. कुठल्यातरी थंड देशातला एक टकला पोस्टमन, त्याची उंच बायको आणि एक जाडा कुत्रा. प्रत्येकाच्या तोंडाशी बोलण्याचा फुगा. त्यातलं इंग्रजी मी पांढऱ्या रंगाने झाकायची आणि वर बारीक पेनाने मराठी लिहायची. चौकटीत नाव ना माझं ना कुणाचं.

मराठी शब्द लिहून देणारे एक उपसंपादक होते. मी त्यांना सर म्हणायची, ते मला बाई म्हणायचे. मेढ्याकडचे होते. बायको लवकर गेलेली, मुलगी मेढ्याला शाळेत शिकवायची. सांगलीत ते एका खोलीत राहायचे आणि सुट्टीला गावी जायचे. वाचकांची पत्रं, रविवारची पुरवणी आणि पट्टी एवढं त्यांच्याकडे होतं.

सुरुवातीला आमचं बोलणं चिठ्ठ्यांवर चालायचं. ते शब्द पाठवायचे, मी लिहायची, 'दुसऱ्या फुग्यात दोन शब्द जास्त होतात.' ते एक शब्द कमी करून पाठवायचे. मी पुन्हा लिहायची, 'अजून एक.' मग ते स्वतः जिना उतरून खाली यायचे आणि टेबलाशी उभे राहून फुग्याकडे बघायचे, जणू तो मी मुद्दाम लहान केला होता. एकदा मी जागा भरावी म्हणून माझ्या मनाने वाक्य बदललं आणि त्यात 'परंतु' घातलं. दुसऱ्या दिवशी छापून आल्यावर ते खाली आले. रागावले नाहीत. "बाई, तुमच्या घरात कुणी परंतु म्हणतं का?" एवढंच विचारलं. कोरेगावात आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारल्याचं मला आठवेना.

पट्टीत हिवाळाभर बर्फ पडायचा. आमच्या वाचकांसाठी बर्फाचं काय करायचं, हा मोठा प्रश्न होता. एका सकाळी पोस्टमन दार उघडतो आणि बाहेर सगळं पांढरंधोप, असं चित्र होतं. इंग्रजीत काहीतरी लांबलचक वाक्य होतं. सरांनी लिहिलं, 'पाचगणीला बदली झाली काय आपली?' फुग्यात बरोबर बसलं. त्या दिवशी छपाईतली माणसंसुद्धा हसत होती.

नंतर त्यांच्या डोळ्यांचं सुरू झालं. आधी मला कळलं नाही. एकदा त्यांनी दिलेले शब्द चित्राशी जुळेनात. कुत्रा चौकटीत नव्हताच आणि बायको त्याच्याशी बोलत होती. मी वर जाऊन विचारलं तर म्हणाले, घाईत झालं. पुढे एका दुपारी ते खाली आले, कागद हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. कागद उलटा होता. त्यांच्या हातातून घेतला, सुलटा केला आणि परत दिला. ते तो बघेनात. खुर्ची ओढून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, पहिल्या चौकटीत काय आहे?"

मी सांगितलं.

त्यांना साखरेचा आजार होता, डोळे त्यातच गेले. निवृत्तीला तीन वर्षं होती. जिना पाठ होता, आपलं टेबल पाठ होतं, माणसं आवाजावरून कळत होती. वाचकांची पत्रं मी दुपारच्या सुट्टीत त्यांना वाचून दाखवायची. पट्टीचं तर रोजचंच. आधी इंग्रजी वाचायची आणि मग चित्र सांगायची. पोस्टमन डावीकडे, टोपी हातात, पिशवी खाली ठेवलीय. बायको पाठमोरी. ते विचारायचे, पाठमोरी म्हणजे रागावून की कामात? मी नीट बघायची. हातात उलथनं आहे सर. मग कामात, असं म्हणून ते शब्द सांगायचे. मोजून तेवढेच. फुगा केवढा आहे ते माझ्याकडून आधीच विचारून घेतलेलं असायचं.

त्या तीन वर्षांत मी चित्रं बघायला शिकले. त्याआधी मी नुसते फुगे बघत होते.

कचेरीत कुणाला कळलं असेल, असं वाटत नाही. दृष्टी अधू आहे एवढं सगळ्यांना माहीत होतं, पण सर वाचूच शकत नाहीत हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. मी ते कधी कुणाला सांगितलं नाही. आज इथे लिहिते, कारण यात कुणाचं नाव नाही.

आमच्यात दुसरं काही नव्हतं. लोकांनी तेव्हा थोडी कुजबुज केली, पण तसं काही नव्हतं. मी माझं लग्न का झालं नाही हे त्यांना सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. आम्ही पोस्टमन आणि त्याच्या बायकोबद्दल बोलत होतो.

निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं. सर खाली आले, टेबलाच्या कडेवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "आता तुम्हीच लिहा. बघत तर तुम्हीच होता." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन बसले, चित्र मनात सांगून झालं आणि मी सवयीने थांबले. समोरची खुर्ची कुणीतरी जाहिरात खात्यात नेली होती.

पुढे दोन वर्षं शब्द मीच लिहिले. मग कॉम्प्युटर आले, पान नव्याने आखलं, त्यात पट्टीला जागा राहिली नाही. मी आणखी काही वर्षं जाहिरातींची पानं लावली आणि निवृत्त झाले. भाऊ फौजेतून परत आल्यावर पुण्याला मुलाजवळ राहायला गेला, त्याची साताऱ्यातली दोन खोल्यांची जागा रिकामी होती. तिथे मी आले. मेढा इथून एसटीने तासाभराच्या अंतरावर. सर तेव्हा होते. आणखी चार वर्षं होते. मी गेले नाही. काय म्हणून जायचं, त्यांच्या लेकीला काय सांगायचं, कोण म्हणून उंबऱ्यात उभं राहायचं, हे मला ठरवता आलं नाही. पट्टी संपली, आता त्यांना तरी कुठे आठवत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. एका सकाळी पेपरात त्यांचा फोटो होता, खाली दशक्रियेची तारीख. मी त्या विधीलाही गेले नाही.

शनिवारी सकाळी मी सांगलीची गाडी धरली. कऱ्हाडला गाडी बराच वेळ थांबली, पुढे इस्लामपूरला शेजारी एक बाई बसली, ती लेकीच्या बाळंतपणाला चालली होती. मला विचारलं, कुणाकडे निघालात? मी म्हटलं, प्रदर्शन बघायला. ती म्हणाली, एवढ्या लांब एकट्याच? मग खिडकीबाहेर बघू लागली.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर लाकडी फळ्या उभ्या केल्या होत्या. सुरुवातीला परदेशी वर्तमानपत्रांतल्या शंभरेक वर्षांपूर्वीच्या पट्ट्या, मग आपल्याकडच्या, मग मराठी. कशा छापत, रंग कसे येत, फुगे आधी नव्हतेच, शब्द चित्राखाली असत, असं सगळं कार्डांवर लिहिलं होतं. बघायला सहा-सात माणसं होती. मी सगळं वाचत गेले, मुद्दाम सावकाश. शेवटच्या फळीकडे मला पटकन जायचं नव्हतं.

तिथे आमची पट्टी होती. कात्रणं पिवळी पडली होती, शाई मात्र काळीभोर होती. माझा 'ल', माझा गोल 'ठ'. इतक्या वर्षांनी आपलं अक्षर भिंतीवर बघताना मला लाज वाटली, का ते सांगता येणार नाही. खाली कार्ड होतं. मूळ चित्रकार परदेशी. भाषांतरकार आणि अक्षरलेखक अज्ञात. कात्रणं मेढा येथील एका वाचकाच्या संग्रहातून.

मी ती शेवटची ओळ वाचत होते, तेवढ्यात माझ्या बाजूला एक जोडपं येऊन उभं राहिलं. गृहस्थ सत्तरीचे, पांढऱ्या मिशा, पाठ ताठ. फौजेतला माणूस ओळखू येतो. त्यांनी एका पट्टीवर बोट टेकवलं आणि बायकोला म्हणाले, "ही बघ. पाचगणीला बदली झाली काय आपली."

मग माझ्याकडे वळून सांगू लागले. लेहला होते, पहिलाच हिवाळा. गावाहून भाऊ जुने पेपर पार्सलात भरून पाठवायचा. पहिला बर्फ पडला तेव्हा बराकीच्या दारात उभं राहून त्यांनी हे वाक्य म्हटलं आणि साताऱ्या-सांगलीची सगळी पोरं हसून लोळली. पुढे जिथे जिथे बदली झाली, राजस्थानात सुद्धा, कुणी ना कुणी ते म्हणायचंच.

"अजून म्हणत्यात," त्यांची बायको म्हणाली. "घरातला पंखा जोरात लावला तरी म्हणत्यात."

मी त्यांना म्हटलं, ते वाक्य आमच्या कचेरीतल्या सरांनी लिहिलं होतं.

"कुठल्या सरांनी?" ते म्हणाले. "आवं, पोस्टमन म्हणतोय की त्ये."

मी म्हटलं, व्हय, पोस्टमनच म्हणतोय. ते खूश होऊन पुढच्या फळीकडे गेले. सर असते तर त्यांना हेच ऐकायला आवडलं असतं.

प्रदर्शन भरवणाऱ्या बाई कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्या होत्या. कॉलेजात चित्रकला शिकवत होत्या, चाळिशीच्या असतील. मी त्यांना सांगितलं की अज्ञात लिहिलंय ते मला माहीत आहे. अक्षर माझं, शब्द सरांचे. त्या उठून उभ्या राहिल्या, मला खुर्ची दिली, पाणी दिलं. दोघांची नावं नीट विचारून घेतली आणि कोरं कार्ड पुढे केलं, तुमच्याच अक्षरात लिहा म्हणाल्या. मी पेन घेतलं. हात आता कापतो. सरांचं नाव लिहायला मला बराच वेळ लागला आणि भिंतीवरच्या अक्षराशी ते जुळत नव्हतं. माझं नाव मग त्यांनीच लिहिलं.

मी विचारलं, मेढ्याचे वाचक कोण? त्यांनी कपाटातून तीन जाड वह्या काढल्या. पेपरात आवाहन केल्यावर एका शिक्षिकेने नातेवाइकाच्या हाती पाठवल्या होत्या, सोबत फक्त फोन नंबर होता. वहीच्या पुठ्ठ्यावरचं आडनाव बघून त्या माझ्याकडे बघू लागल्या. तेच आडनाव आम्ही आत्ताच कार्डावर लिहिलं होतं.

पहिल्या दोन वह्यांत आमच्या दोघांच्या काळातली कात्रणं होती. ती सरांनी ठेवली असतील हे मी समजू शकत होते. तिसरी वही उघडली आणि मला कळेना. त्या माझ्या पट्ट्या होत्या. सर निवृत्त झाल्यानंतरच्या दोन वर्षांतल्या, एकट्या माझ्या. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत, ओळीने चिकटवलेल्या. आणि समासात निळ्या बॉलपेनने, शिक्षिकेच्या वळणदार अक्षरात, दुरुस्त्या.

'परंतु नको. पण.'

'फुगा मोठा असेल तरी भरायलाच हवा असं नाही.'

'हे छान.'

'कुत्र्याला एवढं शहाणपण नको.'

'पुन्हा परंतु. बाईंना कुणीतरी सांगा.'

मी खुर्ची खिडकीशी नेली आणि वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. पट्टी वाचायची आणि मग समास. बहुतेक ठिकाणी सरांचंच बरोबर होतं. त्या दिवसांत मला वाटत होतं की माझं लिहिलेलं कुणी बघत नाही. कचेरीत खरंच कुणी बघत नव्हतं. आणि तिकडे मेढ्याला रोज सकाळी एक माणूस ते ऐकून दुरुस्त करत होता. कुणीतरी सांगा, असं लिहिलं होतं. कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी गेले नाही.

एका जागी मात्र ते चुकले होते. पोस्टमन दमून घरी येतो आणि बायको म्हणते, 'उभेच राहा, चहा तिथंच देते.' समासात दुरुस्ती होती, 'दमलेल्या नवऱ्याला उभं राहा कोण म्हणेल? बसा करा.' मी चित्र पाहिलं. पोस्टमन उंबऱ्यात आहे, बूट हातात, आणि आत फरशी नुकतीच पुसलेली आहे. बादली आहे, ओल्या फरशीवर चार रेघा चमकतायत. त्यांना शब्द वाचून दाखवले होते, चित्र कुणी सांगितलं नव्हतं. मी ती वही मांडीवर घेऊन किती वेळ बसले कुणास ठाऊक. मनातल्या मनात मी त्यांना बादली सांगत होते.

बाईंनी मला नंबर दिला. मी वाचनालयाच्या गच्चीवर जाऊन फोन लावला. सरांची लेक आता साठीला आलेली. मी नाव सांगितलं. ती म्हणाली, "परंतुवाल्या बाई?"

मी हसले. तीही हसली. मग तिने सांगितलं की बाबा तिला रोज शाळेत जायच्या आधी बसवून घ्यायचे. आधी वाचायचं, मग ते सांगतील ते लिहायचं, कधी कधी तिला उशीर व्हायचा. ती त्यांना म्हणायची की पत्र टाका त्या बाईंना, मी लिहून देते. ते म्हणायचे, तिला आपलं आपण जमू दे, वर बसून कुणी सांगत राहिलं तर तिचं होणार नाही. पट्टी बंद झाल्यावर त्यांनी पेपर बंद करायला सांगितला.

"निवृत्त झाले आणि महिन्याभरात डोळे गेले बघा," ती म्हणाली. "कचेरीत होते तोवर सगळं वाचत होते. काम सुटलं की माणूस असा होतो."

मी कठड्याला धरून उभी होते. खाली रस्त्यावर रिक्षा उभ्या होत्या. मला वाटलं, हिला सांगावं. हिला सांगितलं तर हे ठाऊक असलेल्या आम्ही दोघीजणी होऊ.

"हो," मी म्हटलं. "सगळं वाचत होते."

मग मी तिला कार्डाबद्दल सांगितलं. नावं लावलीत, चालेल ना? ती म्हणाली, बाबांना आवडलं नसतं, ते म्हणायचे पट्टीला नाव नसतं, म्हणूनच मी काही कळवलं नाही. मी म्हटलं, मग काढायला सांगते.

"राहू दे," ती म्हणाली. "आता कोण रागावणार?"

फोन ठेवताना तिने मेढ्याला यायला सांगितलं. साताऱ्यातच असता म्हणता, मग एखाद्या रविवारी या, मी एकटीच असते. मी येते म्हणाले.

परतीची गाडी रिकामी होती. घरी पोचल्यावर कुलूप काढलं, दुपारपासून अंगात असलेला थकवा तेव्हा जाणवला. गॅसवर भात टाकला. शेजारच्या बाईंनी दारातून विचारलं, दिवसभर कुठे होतात? मी म्हटलं, सांगलीला, जुन्या कामाचं होतं थोडं. त्या बरं म्हणाल्या आणि गेल्या.

प्रदर्शन संपून आता दोन महिने झाले. वह्या मेढ्याला परत गेल्या, असं प्रदर्शनाच्या बाईंनी कळवलं. सरांच्या लेकीचा मध्ये एकदा फोन आला, तब्येत विचारली, पुन्हा या म्हणाली. गेल्या रविवारी मी स्टँडवर गेले होते. मेढ्याची गाडी लागलेली होती, कंडक्टर आत बसून पेपर वाचत होता. मी दाराशी उभी राहिले. तिने पुन्हा डोळ्यांचा विषय काढला तर दिवसभर तिच्यासमोर बसून मला खोटं निभावेल का, याचा विचार करत होते. गाडी वेळेवर सुटली. मी मंडईतून भाजी घेऊन घरी आले.